मूळ अर्ज नामंजूर

गेल्या शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास, दातांना तारा लावलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाने माझा जीव घेतला. घेण्यापूर्वी त्याने मला अठरा वेळा विचारलं, "सर, तुमची काही हरकत?" अठराव्या खेपेला माझी हरकत होती. रीतसर होती, वेळेत होती, तिचं शुल्क भरलेलं होतं, आणि ती मान्यही झाली. तरीही मी मेलो. हे कसं, ते माझे सासरे गेले सहा दिवस मला नाश्त्याच्या टेबलावर समजावून सांगताहेत.

मारामारी पत्त्यांतली होती. खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने काढलेला. (हा गृहस्थ अमेरिकेचे विसावे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांचा खापरपणतू. याचा पुढे काही उपयोग नाही, पण मला माहीत आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही.) प्रत्येकाने आपला किमान साठ पत्त्यांचा कॅट घरूनच आणायचा. म्हणजे हुकमाचे एक्के ज्याने त्याने आपापले विकत घेऊन यायचे, इथेच मध्यमवर्गीय माणसाला खेळाचा अंदाज यायला हवा होता. दोघांनाही वीस वीस प्राण. पत्त्यांत काही जमिनी असतात आणि बाकीचे मंत्र. जमीन आडवी केली की तिच्यातून 'माना' नावाची शक्ती निघते, ती भरायची आणि मंत्र टाकायचा. समोरच्याचे प्राण संपेपर्यंत हे चालतं. नियमांचं पुस्तक सुमारे तीनशे पानांचं आहे. आमचे चिरंजीव अर्णव, वय चौदा, यांनी ते वाचलेलं आहे. भूगोलाचं वाचत नाहीत.

आम्ही राहतो सिॲटलच्या दक्षिणेला, रेंटनमध्ये. हा खेळ काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी याच गावातली. पंढरपुरात घर आणि गळ्यात माळ नाही, असं किती दिवस चालणार? अर्णवला शुक्रवारी रात्री दुकानावर सोडायचं, दोन तास गाडीत बसून राहायचं, असं वर्षभर केलं. मग थंडी वाढली म्हणून आत बसलो. आत बसलो म्हणून कुणीतरी हातात पत्ते दिले. माणूस दारूला असाच लागतो म्हणतात.

आता नाना.

नाना म्हणजे माझे सासरे. खटाव तालुक्यात तलाठी होते, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले आहेत. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी आमच्या घरामागचं कुंपण पावलांनी मोजलं आणि शेजाऱ्याने सव्वा फूट खाल्लंय असं जाहीर केलं. शेजारी सभ्य मनुष्य. नाना दिसले की हात हलवतो. नाना हात हलवत नाहीत, कुंपणाकडे बघतात. शेवटी शर्वरी म्हणाली, "शुक्रवारी बाबांना घेऊन जा तुमच्याबरोबर. नाहीतर ते मोजणी आणतील."

दुकान म्हणजे एक लांबट गाळा. डावीकडे नखं रंगवून देणारे, उजवीकडे तेरियाकी, मध्ये आम्ही जादूगार. नाना कानटोपी, स्वेटर आणि पिशवीत चिवड्याचा डबा अशा बंदोबस्तात आत शिरले आणि आधी काचेच्या कपाटापाशी थांबले. एकेका पत्त्याला चिकटवलेल्या किमती त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचल्या. अर्णवने उत्साहाने सांगितलं की यातला ब्लॅक लोटस नावाचा एक पत्ता २०२१ साली पाच लाख डॉलरच्या वर विकला गेला. नानांनी थोडा वेळ विचार केला.

"खरेदीखत झालं का?"

तिसरी फेरी. एक डाव मी जिंकलेला, एक त्या तारावाल्याने. तिसरा सुरू झाला आणि नाना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी पहिली जमीन मांडली.

"हे काय, मिलिंदराव?"

"जमीन, नाना."

"कसली?"

"बेट आहे. जमिनी पाच जातींच्या असतात. मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल."

"जिरायत का बागायत?"

"तसं काही नसतं यात."

"असतं," नाना म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. हिच्यातून निघतं काय?"

"माना."

"कुणाच्या माना?"

"मान नव्हे हो, माना. एक प्रकारची शक्ती. ती भरल्याशिवाय मंत्र टाकता येत नाही."

"सारा म्हणा की."

तेव्हापासून आमच्या घरात माना हा शब्द बंद झाला. सारा. मी बेट आडवं करून दाखवलं, आणि असं पत्ता आडवा करून 'हा वापरला' म्हणायची रीत या खेळाच्या १९९७ च्या अमेरिकन पेटंटात आहे, हेही सांगून टाकलं. माझी विद्वत्ता दाखवायला मला सासऱ्यांइतकं हक्काचं गिऱ्हाईक मिळत नाही. नाना म्हणाले, "आमच्याकडे जमिनी आडव्या करणारे कितीतरी होऊन गेले. पेटंट काढायचं कुणाला सुचलं नाही."

तिसऱ्या टर्नला मी हॅलोड फाउंटन नावाची जमीन काढली. ती पांढरी आणि निळी दोन्ही माना देते, पण अट अशी की मांडल्या मांडल्या वापरायची असेल तर दोन प्राण मोजायचे. नसतील मोजायचे तर ती आडवीच मांडायची आणि पुढच्या टर्नपर्यंत गप्प बसायचं. मी दोन प्राण मोजले. विसाचे अठरा झाले.

"नजराणा भरलात?" नाना.

"हो."

"आत्ता काही करणार आहात तिचं?"

"नाही."

"मग भरलात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. सवयीने भरला. बँकेत, टोलनाक्यावर, मुलाच्या सहलीला, समोरच्याने हात पुढे केला की आपण पैसे ठेवतो, तसा भरला.

चौथ्या टर्नला माझ्यापुढे चार जमिनी, चारही उभ्या, चारही निळी माना देणाऱ्या, आणि हातात दोन काउंटरस्पेल. हा पत्ता खेळाच्या पहिल्या वर्षापासूनचा. दोन निळ्या माना भरायच्या आणि समोरच्याचा मंत्र रद्द. त्यावरचा आताचा मजकूर तीन शब्दांचा, 'काउंटर टार्गेट स्पेल'. तीनशे पानांच्या नियमांत एवढी स्वच्छ गोष्ट दुसरी नाही. आपण स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही. मी पहिल्यांदा हा पत्ता वाचला तेव्हा परदेशात आपल्या गावचं कुणी भेटावं तसं झालं. डोंबिवलीला आमच्या सोसायटीत असे चार काउंटरस्पेल राहायचे, दोन तर एकाच मजल्यावर. लिफ्ट नऊ वर्षं झाली नाही.

मी काही न खेळता टर्न संपवला. नाना अस्वस्थ झाले.

"चार एकर पडीक का ठेवलीत?"

"पडीक नाही, राखून ठेवलीय. त्याने काही करायला घेतलं की हरकत घ्यायची."

नाना माझ्याकडे वळून बघायला लागले. सतरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय करतो हे त्यांना कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला कळतं ते सांगण्यासारखं नाही. पण हरकत घेण्यासाठी जमीन राखून ठेवणारा जावई, हे त्यांना कळलं. त्यांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

तारावाल्याने ज्यूसची नळी तोंडातून काढली, पत्ता ओढला, आणि वीस तोंडांचा एक लाल फासा टेबलावर ठेवला. त्याच्यापुढे डोंगरच डोंगर आणि रुबी मेडॅलियन नावाचं एक पदक. त्या पदकामुळे त्याचे लाल मंत्र एकेका मानाने स्वस्त पडत होते. ("सूट कुणी मंजूर केली?" नाना.)

"पायरेटिक रिच्युअल," तो म्हणाला. एक माना भरली, तीन मिळणार. "एनी रिस्पॉन्सेस, सर?"

"काय म्हणतोय?"

"हरकत आहे का विचारतोय."

"मुदत किती?"

"मुदत नाही नाना, लगेच सांगायचं."

"आमच्याकडे फेरफाराला पंधरा दिवस असतात," नाना म्हणाले. या देशाबद्दल बरंच काही ऐकून होतो, असा स्वर.

इथे ढीग समजावून सांगितला पाहिजे. या खेळात मंत्र टाकला म्हणजे तो लागू झाला असं नाही. तो आधी 'स्टॅक'वर जातो, म्हणजे ढिगावर. समोरच्याला त्यावर आपला मंत्र टाकायचा हक्क असतो. तो टाकलेला मंत्र आधीच्याच्या डोक्यावर बसतो, त्यावर पुन्हा पहिल्याचा, असं वाढत जातं. दोघंही गप्प बसले की वरून खाली एकेक निकालात निघतो. शेवटी आलेला सगळ्यांत आधी. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून अशी रीत आहे. मला हे उमगायला आठ महिने आणि अर्णवचे बरेच उसासे लागले. नानांना मी निम्म्या वाक्यात सांगितलं.

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "वरची फाईल आधी. खालची ओढायला गेलं तर ढीग कोसळतो."

दुसरं रिच्युअल. हरकत? नाही. तिसरं रिच्युअल. हरकत? आणि इथे नानांनी मला कोपर मारलं. मला हे नोंदवून ठेवायचं आहे. घरात आता कुणी कबूल करत नाही, पण कोपर मारलं गेलं, उजव्या बाजूने, बरगडीत, आणि त्याबरोबर "घ्या हरकत!" असं दुकानभर ऐकू जाईल इतक्या खड्या आवाजात सांगितलं गेलं. माणूस गोंधळतो. मी दोन जमिनी आडव्या केल्या. काउंटरस्पेल.

"ओके," तारावाला म्हणाला. त्याने आपलं रिच्युअल निमूटपणे बाजूच्या ढिगात टाकलं, मग फासा उचलून एक आकडा पुढे केला. मग आणखी एक.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक माझ्या रिच्युअलचा, सर. एक तुमच्या काउंटरस्पेलचा."

"पण तुझं तर रद्द झालं!"

"रद्द झालं, पण टाकलं होतं ना." आणि तो अत्यंत नम्रपणे हसला. त्या तारा चमकल्या.

मी नानांना हे मराठीत सांगितलं, सहानुभूतीच्या आशेने. नानांनी मान डोलावली. "आवक नोंदवही. अर्ज मंजूर होवो न होवो, आला की नोंद होते. तुमचीही होणार. उद्या कुणी विचारलं तर?"

पुढची बावीस मिनिटं मी काही केलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ वेळा नुसता बसून राहिलो आहे, पण तेव्हा निदान समोरचा खेळायला बसवून एकटाच खेळत नव्हता. तो पत्ता टाकी, माना मोजी, पत्ते ओढी, फासा फिरवी, आणि दरवेळी मान वर करून मला विचारी, एनी रिस्पॉन्सेस? मॅनामॉर्फोज. एनी रिस्पॉन्सेस? रेकलेस इम्पल्स. एनी रिस्पॉन्सेस? नळीने ज्यूसचा तळ खरवडल्याचा आवाज. मग त्याने पास्ट इन फ्लेम्स टाकलं. त्याने काय होतं, तर वापरून बाजूला टाकलेले सगळे मंत्र त्या टर्नपुरते पुन्हा टाकता येतात. सगळे. मी रद्द केलेलासुद्धा.

"फेरविचार अर्ज," नाना पुटपुटले. त्यांच्या आवाजात आता उघड उघड कौतुक होतं, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

बसल्या बसल्या माझं लक्ष एका शब्दावर अडकलं. प्रत्येक क्षणी मंत्र टाकायचा हक्क कुणाकडे आहे, याला या खेळात 'प्रायॉरिटी' म्हणतात. तो ती मला देत होता, मी परत करत होतो. सर, तुमची प्रायॉरिटी. नको, ठेव. माझ्याकडे दुसरी एक प्रायॉरिटी आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत ज्या दिवशी नाव लागलं, त्या दिवसाला प्रायॉरिटी डेट म्हणतात. माझी नोव्हेंबर २०१४ ची. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही असा कायदा आहे. देश भारत असो की आइसलंड, सातच. दर महिन्याला एक तक्ता निघतो. आमच्या ऑफिसातले सगळे देशी तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखा एकमेकांना वाटतात. तारीख कधी दोन आठवडे पुढे गेलेली असते, कधी जागची हललेली नसते, कधी चक्क मागे गेलेली असते. तिथे मला कुणी विचारत नाही, सर, तुमची काही हरकत? अर्णवचा जन्म पुण्याचा. तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत माझी तारीख आली नाही, तर तो माझ्या अर्जातून गळेल. शेजारच्या टेबलावर बसून, मान खाली घालून तो पत्ते पिसत होता. सात वर्षं आहेत अजून. सात.

हे इथे लिहायचं नव्हतं. बावीस मिनिटं फार होतात.

"ग्रेपशॉट," तारावाला म्हणाला.

माझ्या पाठीचा कणा ताठ झाला, कारण हा पत्ता मला माहीत होता. एरवी अगदी किरकोळ. दोन मानांचा पत्ता, समोरच्याचा एक प्राण घेतो. पण खाली एक शब्द लिहिलेला असतो, स्टॉर्म. हे स्टॉर्म २००३ च्या स्कर्ज नावाच्या संचात आलं. त्याचा अर्थ असा, की हा मंत्र टाकण्यापूर्वी त्या टर्नमध्ये जितके मंत्र टाकले गेले, तितक्या त्याच्या आणखी प्रती निघतात. फाशावर अठरा होते. त्याचे सतरा, माझा एक.

"एनी रिस्पॉन्सेस, सर?"

"येस!" मी म्हणालो. इतक्या जोरात, की नखांच्या दुकानातही गेलं असेल. उरलेल्या दोन जमिनी आडव्या केल्या आणि दुसरं काउंटरस्पेल त्या ग्रेपशॉटवर असं ठेवलं, जसं मेंढीकोटात शेवटच्या हातावर राखलेला हुकूम ठेवतात. बावीस मिनिटं याचसाठी सोसली होती. करून ठेव बाबा सगळी तयारी, मांडव घाल, पंगत बसव, आणि नवरदेवच रद्द.

"ओके," तारावाला म्हणाला. "मूळ ग्रेपशॉट रद्द." त्याने ते उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आता कॉपीज. अठरा. तुमचे किती आहेत, सर?"

अठरा. माझे अठरा होते.

मी जजला बोलावलं. मला ठाऊक होतं मी चुकतोय, पण माणसाला वरच्या पातळीवर जाऊन ऐकायचं असतं. काळा शर्ट, छातीपर्यंत दाढी, स्वभावाने गरीब असा एक गृहस्थ आला आणि त्याने फोनवरून नियम क्रमांक ७०२.४० वाचून दाखवला. मंत्र टाकला त्या क्षणी स्टॉर्म जागं होतं. मूळ मंत्राचं नंतर काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रती निघणारच. प्रत्येक प्रतीला वेगळं काउंटरस्पेल हवं.

"म्हणजे अठरा?"

"अठरा," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवायला नको होता.

अंगावर येणारं हे स्टॉर्म जिथल्या तिथे दाबून टाकायला एकाच निळ्या मानाचा एक पत्ता आहे, स्टायफल. तोही त्याच स्कर्ज संचात आला होता, म्हणजे विष आणि उतारा एकाच पुडीत होते. पण आमच्या शुक्रवारच्या प्रकारात तो चालत नाही. हे मी त्या दाढीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, हो ना.

आणि मग नाना बोलले. खुर्ची थोडी मागे घेऊन, कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवून, तालुक्याच्या ठिकाणी सुनावणीला बसल्यासारखे.

"मिलिंदराव, यात चूक कुणाचीच नाही. मूळ अर्ज नामंजूर, तो आदेश बरोबर. पण अर्ज दाखल झाला तेव्हाच त्याच्या नकला निघाल्या. नकलांवर तुम्ही हरकत घेतलीत का? नाही. मग नकला आपापल्या मार्गाने गेल्या. गावात असंच होतं. मूळ कागद कुठे आहे कुणाला ठाऊक नसतं, नकलांवर तीन पिढ्या जमीन कसतात."

"पण नाना, हा अन्याय नाही का?"

"अन्याय वेगळा, नियम वेगळा," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ती पहिली हरकत तुम्ही घ्यायला नको होती. त्याच्या वहीत एक आकडा तुम्हीच वाढवलात. सतरा नकला निघाल्या असत्या. एक प्राण उरला असता."

मी त्यांच्या कोपराकडे पाहिलं. कोपर निर्विकार होतं.

"आणि नजराणा," ते म्हणाले. "तो भरला नसता तर आणखी दोन."

अर्णव आपला सामना आटपून तोवर मागे येऊन उभा राहिला होता. त्याचं म्हणणं, बाबा, तो एक प्राण उरला नसताच, कारण रिच्युअल रद्द केलं नसतं तर त्या मुलाला आणखी तीन माना मिळाल्या असत्या आणि त्याने आणखी पत्ते टाकले असते. आणि मारायचं असतं ते पास्ट इन फ्लेम्स, ते सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना. हा हिशेब मी ऐकला, पण स्वीकारलेला नाही. मी एका प्राणाने वाचलो असतो, आणि ते कोपर नसतं तर वाचलोच असतो, या मतावर मी ठाम आहे.

खरा संताप हरण्याचा नाही. हरायची मला सवय आहे, तीन वर्षांत मी या दुकानात जिंकलेल्या फेऱ्या दोन हातांच्या बोटांवर मावतात. संताप त्या विचारण्याचा आहे. मुलगा वाईट नव्हता, उलट फार चांगल्या घरचा असावा. नियमच आहे विचारण्याचा, आणि त्याने तो पाळला. पण अठरा वेळा विचारायचं, प्रत्येक वेळी उत्तरासाठी थांबायचं, आणि उत्तर आलंच तर तेही आपल्याच फाशावर चढवून घ्यायचं, याला मी काय म्हणू? आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी एक मोठी बैठक होते. सगळं ठरवून झाल्यावर व्हाइस प्रेसिडेंट पडद्यावरून विचारतात, एनी क्वेश्चन्स? मागल्या खेपेला एकाने प्रश्न विचारला. पुढच्या महिन्याच्या अहवालात 'कर्मचाऱ्यांचा सक्रिय सहभाग' या रकान्यात एक आकडा वाढला.

गाडीत अर्णवने माझी समजूत काढायला म्हणून आणखी एक माहिती दिली. या खेळाचे प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी, जुनी एखादी युक्ती नव्या संचात परत येण्याची शक्यता किती, हे सांगायला एक ते दहाचं माप ठेवलंय. एक म्हणजे येणारच, दहा म्हणजे जवळजवळ कधीच नाही. स्टॉर्म दहावर आहे. त्या मापाचं नावच मुळी स्टॉर्म स्केल.

"म्हणजे बंदच केलंय की," मी जरा सावरलो.

"नवीन छापत नाहीत फारसं. जुने पत्ते चालतात."

"जुन्या नोंदी रद्द होत नाहीत," मागच्या सीटवरून नाना.

त्यांचं त्या मुलाशी छान जमलं, हे सांगायचं राहिलंच. माझं प्रेत टेबलावर थंड होण्यापूर्वीच त्यांनी त्याच्यापुढे चिवड्याचा डबा धरला होता. त्याने विचारलं, तिखट आहे का. नाना म्हणाले, "नो नो, ओन्ली मीडियम." तो खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा हात घातला. मग नाव विचारलं. नाना म्हणाले, "माय नेम इज नाना." यावर तो खुदकन हसला. म्हणाला, त्याच्याकडेही एक नाना आहे, ती फ्लोरिडात राहते, आणि ती पण असंच तिखट खायला देऊन 'मीडियम' म्हणते. नानांना यातलं 'ती' कळलं नाही, इकडे काही जण आजीला नाना म्हणतात हे मी सांगितलं नाही. निदान एवढी तरी माहिती माझ्याकडे राखून ठेवलेली असावी.

निघताना त्याने आपल्या पेटीतून एक जास्तीचा ग्रेपशॉट काढला आणि नानांना भेट दिला. मला नाही, नानांना. नानांनी तो घरी आणून दिव्याखाली दोन्ही बाजूंनी तपासला, शर्वरीकडे बॉलपेन मागितलं, आणि पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात, तिरक्या मोडी वळणाच्या अक्षरात 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहून खाली तारखेसह सही केली. आता तो आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. दूध काढायला गेलं की समोर येतो.

काल मी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. संध्याकाळी पुन्हा फ्रिजवर होता. मी शर्वरीकडे बघितलं, तिने अर्णवकडे, अर्णवने नानांकडे.

"काही हरकत?" नाना म्हणाले.